विट्यातले पाच फूट

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मी उतरलो तो मोहिमेवर निघालेल्या सरदाराच्या थाटात. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, बगलेत मोटारदुरुस्तीचं जाडजूड पुस्तक. बाहेर रिक्षांच्या रांगेपलीकडे हिरवी पिकअप उभी होती आणि स्टिअरिंगवर इंदूवहिनी बसल्या होत्या. त्यांनी मला टोपीपासून बुटापर्यंत पाहून घेतलं.

“भावजी, दुर्बीण कशापायी? गाडीचं दुखणं हितनंच ऐकू येतंय.”

येत होतंच. नुसती उभी असतानाही गाडीच्या पोटात काहीतरी कण्हत होतं.

इंदूवहिनी म्हणजे माझे मित्र हणमंतराव यांच्या पत्नी. हणमंतरावांनी लष्करात वीस वर्षं ट्रक चालवला आणि निवृत्त झाल्यावर साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरावर, आपल्या वाडीत, ही जुनी चार चाकांनी ओढणारी पिकअप आणली. वाडीचा शेवटचा दीड मैल अजून मातीचाच आहे. पावसाळ्यात तिथे तांबड्या चिखलाचा असा रबडा होतो, की इतर सगळ्या गाड्या डांबर संपलं की हात जोडतात. आजारी माणूस, अडलेली बाळंतीण, दुधाचे कॅन, सगळं खाली आणायचं ते या एका गाडीने. मीही एकदा त्या चिखलात माझ्या गाडीसकट रुतलो होतो. हणमंतरावांनी दोर लावून मला ओढून काढलं आणि वर पुण्याच्या लोकांबद्दल पाच मिनिटं ऐकवलं. मैत्री तिथेच जमली.

मागच्या आषाढात ते गेले. त्यानंतर गाडी वहिनीच चालवतात. पण थंडीपासून ती वळताना अडखळायला लागली, मग आवाज करायला लागली, आणि आता चढावर मधूनच असा दणका देते की मागे बसलेली माणसं देवाचं नाव घेतात. दिरांनी गाडीला गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. पावसाला तीन आठवडे उरले होते. तेवढ्या दिवसांत गाडी दुरुस्त झाली तर राहणार, नाहीतर जाणार, आणि वाडी पावसाळाभर डोंगरावर अडकून पडणार. वहिनींना कोणीतरी विट्याच्या रज्जाकभाई मिस्त्रींचं नाव सांगितलं होतं. मी सोबतीला म्हणून गेलो. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे येईलच.

मी आत बसलो. मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटा लिव्हर होता आणि त्याच्या मुठीला धुवून विरलेला खाकी रुमाल बांधलेला होता. मी सवयीने त्यावर टोपी अडकवली. वहिनींनी ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

उंब्रजला चहा घेतला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि डाव्या हाताला कृष्णा मधूनच चमकून जात होती. मी रंगात आलो होतो. हणमंतरावांनी मला चिखलातून काढलं तो प्रसंग मी त्यांच्या आवाजात, दोराच्या करकरीसह सादर करत होतो. वहिनी हसल्या. त्या हसण्यावर मी आणखी एक प्रवेश वाढवला, आणि त्यात कऱ्हाडात शिरायचा फाटा मागे राहिला.

मग मलकापूरला गाडी वळवावी लागली. वहिनींनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडीने वळायचं नाकारलं. पुढची चाकं उड्या मारल्यासारखी पुढे सरकली, खालून घणाचा घाव पडावा तसा आवाज झाला आणि गाडी ऐन रस्त्यात आडवी बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. मी खाली उतरून दोन्ही हात पसरले आणि गंभीर मुद्रेने वाहतूक थांबवली. ती आधीच थांबलेली होती. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, “पाहुणं, भाषण हाय का?”

वहिनींनी शांतपणे गाडी सुरू केली आणि दोन हिसक्यांत वळवली. मी पुन्हा आत चढलो. कऱ्हाड, ओगलेवाडी ओलांडेपर्यंत मी फाट्यांच्या पाट्या वाचत बसलो.

कडेगावच्या अलीकडे ऊस विरळ झाला आणि माळ लागला. करड्या टेकड्या, बाभळी, दूरवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. एका छपरीत आम्ही भाकरी, खरडा (तव्यावर भाजून रगडलेल्या हिरव्या मिरच्या) आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची गरम, पातळ पेज) घेतलं. माडगं वाढणाऱ्या मावशींनी माझी दुर्बीण पाहून मी जमीन मोजायला आलोय का, असं विचारलं. वहिनींनी परस्पर सांगून टाकलं, की न्हाई, ह्यांस्नी घरच्यांनी हवापालटाला धाडलंय.

रज्जाकभाईंचं गॅरेज विट्याच्या बाहेर, कडुलिंबाखाली. साठीचा माणूस, पांढरी दाढी, नखांत मुरलेलं काळं ऑइल. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावातल्या जीपगाड्यांवर हयात घालवली होती आणि तीच विद्या त्यांच्या हातात आली होती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या टायरांपाशी थांबले.

“म्होरली नवी, मागली झिजलेली. ही अक्कल कुणाची?”

मी पवनचक्क्या मोजायला लागलो. हेच ते खरं कारण. थंडीत वहिनींनी फोन केला तेव्हा मी पुस्तक उघडून ठामपणे सांगितलं होतं, की टायर संपलेत, पुढचे दोन बदला.

“हायती एक लांबचं पाहुणं,” वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग रज्जाकभाई गाडीखाली गेले. या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे एक लोखंडी डबा असतो, ट्रान्सफर केस. छोटा लिव्हर ओढला की त्यातल्या जाड चेनमधून इंजिनची ताकद पुढच्या चाकांनाही मिळते. रज्जाकभाईंनी त्या डब्यातलं ऑइल पांढऱ्या ताटलीत घेतलं आणि उन्हात तिरपं धरलं. त्यात रुपेरी चुरा चमकत होता. मेकअपवाल्याच्या पेटीत असतो तसा, सुंदर आणि भयंकर.

“चेन लांबलीय,” ते म्हणाले. “दातावरनं सुटतीय, म्हणून दणका बसतोय. अजून म्हैनाभर चालिवली असती तर डबा आतनं कापला असता. ताई, फोर व्हील कवा घालता?”

“काढतच न्हाई.”

रज्जाकभाई ताटली खाली ठेवून बसले. मग बाळबोध शब्दांत समजावू लागले. चिखलात चाक घसरतं, म्हणून चालतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि त्या फरकाचा सगळा पीळ चेनीवर बसतो. त्यात पुढचे टायर मोठे, मागचे झिजून लहान झालेले, म्हणजे सरळ रस्त्यावरही पीळ. माझे कान तापले.

“ठाऊक हाय मला,” वहिनी म्हणाल्या. “त्यांनीच शिकिवलंय.”

मग त्यांनी लिंबाच्या मुळीवर बसून सांगितलं. त्या दिवशी हणमंतरावांनी एका बाळंतिणीला खाली दवाखान्यात पोहोचवलं, चिखलातून गाडी परत वर आणली आणि दारात उभी केली. लिव्हर तसाच फोर व्हीलमध्ये होता. चहा ठेव म्हणाले आणि पायरीवर बसले. वहिनी कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा मान भिंतीला टेकलेली होती.

“त्यांचा हात शेवटी त्या मुठीवर. मी ती सरकवू कशी?”

दहा महिने त्या लिव्हरला कोणी हात लावला नव्हता. मी मात्र त्यावर टोपी अडकवली होती. चुका मी आयुष्यभर मोठ्या आवाजात केल्या आहेत, पण त्या क्षणी मला ती टोपी कुठेतरी पुरावीशी वाटली.

“वहिनी,” मी म्हणालो, “टायरचं मीच सांगितलं होतं. चेन मी अर्धी खाल्ली.”

“म्हाईत हाय, भावजी. अर्धी मी खाल्ली.”

रज्जाकभाईंनी डब्यात जुनं ऑइल पुन्हा ओतलं, हात पुसले आणि म्हणाले, “डबा उघडायच्या आधी लिव्हर मालकानं काढायचा. माझ्या बापाची रीत. ज्याचा डबा, त्याचा हात.”

वहिनी स्टिअरिंगवर बसल्या. हणमंतरावांच्या रुमालावर हात ठेवून बऱ्याच वेळाने त्यांनी जोर लावला. लिव्हर हलला नाही. दोन्ही हातांनी लावला, तरी नाही. मी मदतीला पुढे झालो तसं रज्जाकभाईंनी माझा दंड धरला.

“पीळ बसलाय, ताई. जोरानं न्हाई निघायचा. सरळ पाच फूट मागं घ्या. हळू.”

गाडी मागे सरकली. एक फूट, दोन, तीन. काचेतून मला वहिनींचा चेहरा दिसत होता. कुठेतरी आत लोखंड सुस्कारल्यासारखा आवाज आला. त्यांनी नुसता हात ठेवला आणि लिव्हर आपसूक पुढे गेला.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि पदर तोंडाला लावला. आम्ही दोघं पुरुष अत्यंत लक्षपूर्वक मागच्या टायरकडे बघत उभे राहिलो.

रज्जाकभाईंकडे तशाच एका मोडीत निघालेल्या गाडीची चेन तेलात जपून ठेवलेली होती. ती, दोन बेअरिंग आणि एक सील, एवढ्यावर डबा वाचला. चारही टायर एका मापाचे बसवले. वहिनी रात्री त्यांच्या घरी राहिल्या, मी विट्यातल्या लॉजवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. कऱ्हाड, उंब्रज, सातारा, मग डोंगराचा रस्ता. मलकापूरचा फेरा टाळावा म्हणून मी कऱ्हाडपर्यंत तोंड उघडलं नाही. गाडी पाण्यासारखी वळत होती. आदल्या दिवशी डोंगरावर वळीव झाला होता, त्यामुळे डांबर संपलं तिथे तांबडा चिखल वाट बघत होता. वहिनींनी गाडी थांबवली, लिव्हर ओढला आणि दीड मैल एका दमात चढवला. दारात दीर उभे होते. त्यांनी गाडीचा आवाज ऐकला आणि गिऱ्हाइकाचं नाव न काढता घरात गेले.

वहिनींनी गाडी पाच फूट मागे घेतली, लिव्हर पुढे ढकलला, आणि मुठीवरचा रुमाल सोडून कमरेला खोचला.

“चहा ठेवते,” त्या म्हणाल्या. “पायरीवर नका बसू, भावजी. आत या.”

पुण्यात आल्यावर लोक विचारतात, सातारा-सांगलीकडे काय पाहिलंत? किल्ला, धबधबा, पठारावरची फुलं? यातलं एकही मी पाहिलं नाही. दुर्बीण तर खोक्यातून निघालीच नाही, असं मी सांगतो. ती गळ्यात होती हे फक्त वहिनींना आणि त्या माडगंवाल्या मावशींना माहीत. विट्यात एका बाईंनी गाडी पाच फूट मागे घेतलेली पाहिली, एवढंच माझं प्रेक्षणीय स्थळ. आणि हा एकच प्रसंग असा आहे, जो सांगताना मी आवाज चढवत नाही.