मिरी जेवत नाही

आचारीबुवांनी उभ्या आयुष्यात कधी वाटीभर असं काही शिजवलं नव्हतं. ते एका कारखान्याच्या कॅन्टीनचे मुख्य आचारी. त्यांचं पातेलं कंबरेइतकं, पळी वल्ह्याइतकी, आणि बटाटे यायचे ते पोत्यानं. जेवायला चार-पाचशे माणसं, आणि एकाच्याही ताटात काही उरत नाही हा बुवांचा अभिमान. डॉक्टरीणबाईंनी जेव्हा सांगितलं की मुलगी आता सहा महिन्यांची झाली, मान छान धरते, बसते, हिला वरचं खाणं सुरू करा, तेव्हा या माणसाला आकाश ठेंगणं झालं. इतके दिवस घरात एक नवं गिऱ्हाईक येऊन राहिलं होतं आणि त्याचं पोट भरायचा मान एकट्या बायकोकडे होता. आता बुवांची पाळी. दवाखान्यातून घरी जाताना ते बाजारात शिरले आणि एक अख्खा लाल भोपळा कडेवर घेऊन बाहेर आले. मूल बायकोच्या कडेवर होतं, हे त्यातल्या त्यात बरं.

एक फोड पुरे, असं बायको जिन्यात सांगत होती, दारात सांगत होती, ओट्यापाशीही सांगत होती. पण बुवांच्या हाताला थोडकं शिजवणं ठाऊकच नव्हतं. त्यांनी सगळा भोपळा चिरला, वाफवला, चाळणीतून गाळला आणि मलईसारखा गुळगुळीत केला. घरातली भांडी संपली तेव्हा शेजाऱ्यांची आणली. शेजारच्या दात नसलेल्या आजोबांची दोन दिवस चंगळ झाली. मुलीनं मात्र चमच्याच्या टोकाला जीभ लावली, कपाळाला आठी घातली, इवल्या हातानं चमचा बाजूला सारला आणि तोंड फिरवलं.

बुवा हसले. पहिला दिवस, चालायचंच. मुलीचं कागदावरचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण जन्मली ती एवढीशी, सावळी आणि रडायला लागली की सबंध मजला जागा करणारी. म्हणून बुवांनी तिला मिरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. आता मिरीला पहिल्या घासात काय आवडणार, असं म्हणत त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी गाजरं सोलायला घेतली.

दुसरा दिवस उजाडायची त्यांना इतकी घाई का झाली होती, तेही सांगायला हवं. बुवांची बायको बस चालवायची. डेपोतली ती एकटीच बाई, आणि वळणावर लांबलचक गाडी अशी फिरवायची की उभ्या प्रवाशाच्या हातातला चहा हिंदकळू नये. बसच्या स्टिअरिंगवर बसली की तिचा चेहराच बदलतो, असं बुवा कौतुकानं सांगत. मिरी झाल्यापासून ती घरी होती. खिडकीखालून गाडी गेली की आवाजावरून नंबर ओळखायची, ब्रेक कोणी मारला तेही सांगायची, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. डेपोच्या साहेबांनी तिच्यासाठी सकाळची पाळी राखून ठेवली होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाणार. बुवांची पाळी संध्याकाळच्या जेवणाची, त्यामुळे सकाळभर मिरीला तेच सांभाळणार होते. सगळं जुळत होतं. अडत होतं एवढंच की मिरी बाटलीला तोंड लावत नव्हती, वाटीतलं दूधही थुंकत होती. आईवाचून ती सकाळ काढायची तर चार घास पोटात जायलाच हवेत. बायको म्हणाली होती, पोर उपाशी ठेवून मी गाडीवर जाणार नाही. हे ती तावातावानं म्हणाली असती तर बुवांनी समजूत घातली असती. पण ती अगदी साधेपणानं म्हणाली होती, आणि असं म्हणाली की ती ऐकत नाही, हे बुवा जाणून होते.

तेव्हा बुवांनी कंबर कसली. गाजर झालं, रताळं झालं, सफरचंद झालं, नाशपाती झाली, बटाटा-मटार झाला. रोज सकाळी उठल्याबरोबर त्यांच्या अंगात उत्साह संचारायचा. आजचं जमणार. आजचं नक्की जमणार. मीठ अजिबात घालायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पण बुवांचा हात आपोआप मिठाकडे जायचा. शेवटी बायकोनं बरणी माळ्यावर टाकली. मग बुवांना ओट्यापाशी चोरट्यासारखं वाटायला लागलं. बिनमिठाचं अन्न कोणापुढे ठेवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं, पण लेकीसाठी तेही सोसलं.

चव मात्र ते बघायचेच. ती सवय सुटणं शक्य नव्हतं. कॅन्टीनमध्ये पातेल्यापाशी उभं राहून पळीतलं थेंबभर तळहातावर घ्यायचं, जीभ लावायची, कपाळाला आठी घालून आत काय चुकलंय ते शोधायचं, पळी बाजूला सारायची आणि म्हणायचं, 'अजून नाही.' हे रोज दहादा व्हायचं. स्वतः बुवा जेवायचे ते सगळ्यांचं झाल्यावर, उभ्या उभ्या, भिंतीला टेकून. घरी ताट घेऊन बसलेला माणूस म्हणून त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं. बायकोचं जेवणही आता मिरी झोपली की व्हायचं, कारण जागेपणी ती हात मोकळा ठेवेल तर ना.

तर मिरीच्या उंच खुर्चीसमोर बुवा वाटी घेऊन बसायचे, आधी आपण नेहमीसारखी चव बघायचे, मग चमचा पुढे करायचे. मिरी जीभ लावायची. आठी. चमचा बाजूला. तोंड तिकडे. एकदा बायको पोट धरून हसली. म्हणाली, "अगदी तुमच्यासारखी आठी पडते हो तिच्या कपाळाला. बापाची लेक शोभते." बुवाही हसले, पण त्यांच्या मनाला ते लागलं. चार-पाचशे माणसं आपल्या हातचं मिटक्या मारत खातात आणि पोटची पोर नाक मुरडते, हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

कॅन्टीनमध्ये ही बातमी लपून राहिली नाही. जेवायच्या रांगेत ज्याला त्याला मिरीची काळजी. ताट पुढे करताना लोक आधी विचारायचे, आज खाल्लं का? वेल्डरनं सांगितलं की चमचा विमानासारखा फिरवा. गोदामातल्या बाईंचं म्हणणं, गाणं म्हणा. बुवांनी विमान उडवलं आणि गाणंही म्हटलं. मिरीला दोन्ही फार आवडलं. ती खिदळली, तिनं हातपाय नाचवले, आणि चमचा जवळ येताच तोंडाला कुलूप. सासूबाईंनी फोनवरून धीर दिला की भूक लागली की खाईल, तुम्ही उगीच हात धुवून मागे लागू नका. पण सोमवार जवळ येत चालला होता.

रविवारी सकाळी बुवांनी बटाटा-मटार पुन्हा केला. या खेपेला लोण्याचा छोटा तुकडा घातला, गाळून गाळून रेशमासारखा केला, आणि चव बघितली. पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. जीभ, आठी, चमचा बाजूला. बायको दारात उभी राहून बघत होती. तिनं मोबाइल उचलला.

"साहेबांना सांगून टाकते," ती म्हणाली. "आजच सांगितलं तर त्यांना दुसरं कोणी बघायला वेळ मिळेल."

 ती खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहून नंबर लावत राहिली; साहेबांचा फोन सारखा व्यस्त लागत होता. खालून एक गाडी गेली. या वेळी तिनं नंबर सांगितला नाही.

 बुवा मिरीच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले. काल संध्याकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. कॅन्टीनमध्ये पाहुणे आले होते, सगळं संपलं, आणि घरी आल्यावर थकून ते तसेच झोपले होते. मांडीवरच्या वाटीतून वाफ येत होती. अन्न टाकून देणं त्यांच्यानं कधी झालं नव्हतं. त्यांनी ओट्यावरचा मोठा चमचा घेतला आणि खायला लागले.

भुकेला माणूस चव बघत नाही, तो जेवतो. पहिला चमचा पोटात गेला तसे बुवांचे डोळेच मिटले. दुसऱ्या चमच्याला त्यांनी हूं केलं. तिसऱ्याला ओठ पुसायचं भान राहिलं नाही. मीठ नव्हतं, आणि ते नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. कपाळ सैल पडलं, गाल भरले. बायकोची नोकरी, कॅन्टीनचा अभिमान, सगळं क्षणभर बाजूला राहिलं.

शेजारची खुर्ची गप्प झाली होती. एरवी मिरी सारखी पाय आपटायची. बुवांनी डोळे उघडले तर पोरगी पुढे वाकून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्यांनी घास घेतला की तिचे ओठ हलायचे. ते चावायचे तशी तीही चावायची, तोंडात काही नसताना. मग तिनं खुर्चीतून हात लांब केला, बापाचं मनगट धरलं आणि चमचा आपल्याकडे ओढला.

 चमचा मोठा होता, तिच्या तोंडात जाण्याजोगा नव्हता. तिनं कडेलाच तोंड लावलं आणि होतं तेवढं ओढून घेतलं. निम्मं हनुवटीवरून लाळेऱ्यावर सांडलं. निम्मं आत राहिलं. मिरीनं ते तोंडात घोळवलं, गिळलं आणि म्हणाली, "हूं."

बुवांनी घाईघाईनं छोटा चमचा उचलला, भरला आणि सवयीनं आधी स्वतःच्या जिभेकडे नेला.

"चव बघू नका," बायको खिडकीजवळून एकदम म्हणाली. ती केव्हाची वळून बघत होती, फोन कानालाच होता. "आठी घालू नका हो. ती तुमचंच बघून करत होती. जीभ लावायची आणि ढकलायचं, खाणं म्हणजे तेवढंच असं वाटलंय तिला. खरंखुरं जेवताना तिनं कोणाला पाहिलंय कधी? तुम्ही जेवत राहा."

बुवांना हसू आलं, रडूही आलं, आणि तोंडात घास असल्यामुळे दोन्ही करता येईना. एवढे दिवस लेक त्यांचं अन्न नाकारत नव्हतीच. ती त्यांच्याच हाताखाली काम शिकत होती. त्यांनी एक चमचा आपल्या तोंडात घातला, एक मिरीच्या. परत एक आपल्या, एक तिच्या. पोरगी दोन्ही हातांनी खुर्ची बडवून पुढचा घास मागत होती. वाटीचा तळ दिसायला लागला तेव्हा बुवा बसल्या जागेवरून ओरडले की पातेल्यात आणखी आहे, भरपूर आहे. तेवढं एक त्यांच्या घरी कायमच खरं असायचं.

तेवढ्यात फोन लागला आणि पलीकडून उचलला गेला. साहेबांचा आवाज बुवांनाही ऐकू आला. सकाळीसकाळी काय काम काढलं, असं ते विचारत होते. बायकोनं मिरीकडे बघितलं. मिरीच्या हनुवटीवरून हिरवा ओघळ चालला होता, आणि ती तो जिभेनं परत आत घ्यायची खटपट करत होती.

"काही काम नाही, साहेब," ती म्हणाली.  "आमची मुलगी जेवतेय, ते तुम्हाला सांगायला फोन केला. उद्याची पहिली गाडी मी काढणार आहे."