न वाचलेलं पान

“माझ्या खात्यावरून फोरमवर त्या लायब्ररी लिहिणाऱ्यांना चारचौघांत बिनकामाचे म्हणालीस, निदिया?” ‘माते’चा कडवट चहा ओतता ओतता तिचा नवरा विल्सन ओरडला.

“माझे संदेश हरवत होते. मग काय कौतुक करू?”

बोलून गेली, पण निदियाचे कान तापले होते. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात संदेश पाठवायची ती लायब्ररी, म्हणजे तयार कोड, लोकांनी हौसेने, फुकट लिहिलेली. ‘आधी संदेश घेणारा प्रोग्राम सुरू करा, मग पाठवणारा,’ असं पहिल्याच पानावर होतं. निदियाने उलटं केलं होतं; पान वाचलंच नव्हतं. ती एवढं बोलूनही त्यांच्यातल्याच कुणीतरी फोरमवर शांतपणे तिला तेच पान दाखवलं होतं.

“अगं, पुसून टाक ते. इथे मोंतेविदेओत कोण बघायला बसलंय?” सासूबाई म्हणाल्या.

“नाही, सासूबाई. मी आजच स्वतःच्या नावाने खातं उघडणार आणि तिथेच सगळ्यांसमोर माफी मागणार.”