गफूरचाचांचा आठवडा

गफूरचाचा तोंडाने भाव करत नसत. मंठ्याच्या बैलबाजारात ते दलाल होते. खांद्यावरचा रुमाल गिऱ्हाइकाच्या हातावर टाकायचे, आत बोटं दाबायचे आणि सौदा व्हायचा. कागद नाही, सही नाही. "बैल लंगडा निघाला तर परत घेईन, पर जबान लंगडी न्हाई होऊ देणार," म्हणायचे.

अशा पोचलेल्या माणसाला जालन्याच्या एका मंगल कार्यालयात फुकट जेवू घालून एका कंपनीने टाइमशेअर विकला. डोंगरातल्या हॉटेलात दरवर्षी एक आठवडा, पंचवीस वर्षं. चाची एकदाच गेल्या, तिथल्या पायऱ्या चढून गुडघे सुजवून आल्या आणि पुन्हा त्यांनी नाव काढलं नाही. मी शेजारचा शाळामास्तर. सहज म्हणालो, "चाचा, मलाच द्या की तो आठवडा." चाचांनी लगेच रुमाल काढला. ओट्यावरच सौदा झाला, मी इसार दिला, घरी जाऊन बायकोला सांगूनही टाकलं. दोघेही शहाणे! कंपनीला विचारायचं एकालाही सुचलं नाही.

कंपनी म्हणाली, आमच्या लेखी परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगी मागितली, तर म्हणे पहिली दहा वर्षं ती मिळतच नाही. चाचा तीनदा संभाजीनगरच्या ऑफिसात जाऊन आले. चौथ्यांदा मी सोबत गेल्यावर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, अटींमध्ये लिहिलंय."

"बेटी," चाचा कळवळून म्हणाले, "बैल इकल्यावर जुना मालक म्हणतो का, पुढं कुणाला इकू नको? पैसे बराबर घेतले न्हाई का तुम्ही? मंग माल कुणाचा?"

मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी काउंटरवर हात आपटला. हात तेवढा दुखला.

परतीच्या एसटीत चाचांनी इसार माझ्या खिशात कोंबला. मी म्हणालो, "जाऊ द्या, चाचा." ते भडकले. "तुम्ही सोडून राह्यले सर, मी कसा सोडू? आख्ख्या बाजारात माझी जबान कधी फिरली न्हाई!"

त्यानंतर ते बाजारात जायचे, पण सौद्याला बसायचे नाहीत. स्वतःचा माल विकता येईना, तर दुसऱ्याचा कोणत्या तोंडाने विकू, असा हट्ट. चहा पिऊन घरी यायचे. मला त्या कंपनीचा अजून संताप येतो, आणि माझ्या त्या हौशी वाक्याचाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांचा मुलगा सलीम कंपनीचं पत्र घेऊन आला. आठवडा आता त्याच्या नावावर झाला होता, दरवर्षीचा देखभालीचा खर्चही त्यानेच भरायचा होता. यासाठी ना अर्ज लागला, ना कुणाची परवानगी. मी पत्र दोनदा वाचलं आणि तोंडात शिवी आली.

सलीमने पत्र घडी करून खिशात ठेवलं. "अब्बा जाताना बोलले, तो आठवडा सरांचा हाय," तो म्हणाला. "दहा वर्षं भरायला अजून सहा बाकी हायत. थांबा सर, मी देतो."