तळेगावचा टोकलेला तुंबा

तळेगाव ढमढेऱ्याला आता शिरूरहून गाडीने तासाभरात पोचाल. १९६४ साली आम्हाला अर्धा दिवस लागला, आणि जाण्याचा निर्णय माझा नव्हता. दादाला कावीळ झाली होती. गुरुवारी दौंडला रेल्वेच्या नोकरीसाठी त्याची डॉक्टरी तपासणी, आणि डोळे हळदीसारखे. आई म्हणाली, तळेगावच्या मुलाणीमामांकडे जाऊ. ते दर रविवारी काविळीवर पाला देतात, पैसाही घेत नाहीत. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते. दादाला ओकारी आली तर डबा धरायला मला नेलं.

शिक्रापूरपर्यंत एस.टी.; दादा सारा वेळ खिडकीबाहेर ओकत होता. पुढे टांगा. शनिवारी संध्याकाळी पोचलो तेव्हा मामा उदबत्ती घेऊन ओढ्याकडे निघाले होते. तिथे तुंबा उगवतो. गुडघाभर झुडूप, इवली पांढरी फुलं. आपण तण म्हणून उपटतो तेच. ‘उद्या न्यायला येतो’ असं त्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं म्हणे. झुडपाला रीतसर निरोप गेला. मला कोणी काही सांगितलं नाही.

मामींनी वाढलेली भाकरी आणि वांग्याचं कालवण मात्र अजून जिभेवर आहे.

पहाटे मामांच्या ओसरीवर पिवळ्या डोळ्यांची सात माणसं बसली होती, दादा धरून. मामा बांधावरून आले. उपाशी, अनवाणी, हातात दवाने भिजलेला तुंबा. मोठं माणूस समोर आलं की उठून उभं राहायचं, हे सिस्टरांनी अंगात भिनवलेलं. मी उठले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “गुड मॉर्निंग, मामा!”

मामा जागीच थांबले.

“आगं बया, टोकलं की पोरीनं!” एक म्हातारी ओरडली. “कुठल्या साळंतली म्हनायची?”

“इंग्रजी,” आई पुटपुटली.

“तरीच!”

मामांनी पाला म्हशीपुढे टाकला. “पाला आनताना कुनी बोललं की गुन जातो. आता ह्यात काय ऱ्हायलं न्हाई. फुडच्या ऐतवारी या.”

“पण गुरुवारी त्याची तपासणी आहे!” मी म्हणाले.

“मंग मघाशी गप बसायचं व्हतं, बाय.”

“मला सांगितलं का कोणी?”

“ह्ये काय सांगायचं आसतंय व्हय?” म्हातारी म्हणाली. सात जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांची कावीळ मीच आणली होती.

आम्ही शिरूरला परतलो. सरकारी डॉक्टरांनी दादाला महिनाभर पडून राहायला सांगितलं, तो बराही झाला. पण गुरुवार हुकला. रेल्वेत लागला तो वर्षभराने, आणि त्या गुरुवारी पास झालेला त्याच्या वर्गातला मित्र जन्मभर त्याचा साहेब राहिला. प्रत्येक बढतीला दादा मला पोस्टकार्ड टाकायचा, मजकूर एवढाच: “गुड मॉर्निंग.”

पाल्याने चार दिवसांत डोळ्यांचा पिवळेपणा उतरला असता, हे मी आजही मानत नाही. त्यावर दादाशी तीस वर्षं भांडले.

तो निवृत्त झाला तेव्हा दौंडच्या समारंभात मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठले, त्याच्या गळ्यात हार घातला आणि तोंड मिटून खाली येऊन बसले. सगळ्या सभेत एकटा दादा हसत होता.