सकर आणि भीमेची रीत

पाथर्डीच्या कोरड्या माळावरची लंकाबाई. आईबाप ऊसतोडीला, तिच्याही हाती लहानपणापासून कोयता. लग्न होऊन ती कर्जत तालुक्यात भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठी आली, अन् इथं तिनं जाळं विणायला घेतलं. तिची गाठ काठावरचे म्हातारे भोई बोट घालून ओढून बघत आणि पसंतीची मान हलवत.

सासूनं तिला एक रीत घालून दिली होती. नव्या जाळ्यातला पहिला मासा पाण्याला परत द्यायचा. नाहीतर पाणी माणूस मागतं.

त्या सकाळी नव्या जाळ्यात पहिला आला तो सकर, शेवाळ चाटणारा परका मासा. काळाकुट्ट, अंगावर पत्रा मढवल्यागत खवलं, परांचे काटे जाळ्यात रुतलेले. पोट गाभोळीनं टम्म. जाळं कापूनच काढावा लागला.

"सोड त्याला," तिचा नवरा मच्छिंद्र म्हणाला.

"ह्याला? कुनाच्या तरी काचंच्या पेटीतलं हे बेनं. जाळी फाडतंय, चिलापीची अंडी खातंय. अन् पोटात केवढी पिल्लावळ हाय, बगा की!"

"रीत म्हंजे रीत. पान्यात मला जायचंय, तुला न्हाई."

लंकाबाईनं सकर खडकावर टाकला. मच्छिंद्र फाटकं जाळं घेऊन होडीत बसला.

तो मधोमध गेला आणि वारा सुटला. लाटा उभ्या राहिल्या. होडी दिसे, बुडाल्यागत होई, पुन्हा दिसे. इकडे सकर मरेना. दुसरा मासा कधीच गार झाला असता. हा उन्हात तोंड उघडत-मिटत पडलेला. होडी बराच वेळ दिसली नाही, तेव्हा लंकाबाईनं त्याला उचललं. पाणी पायाशीच होतं. काटा तळव्यात घुसला. तिची नजर त्याच्या टम्म पोटावर गेली. मग त्याला खाली ठेवून तिनं त्याच्या डोक्यात दगड घातला.

"राग माज्यावर धर," ती पाण्याला म्हणाली. "त्यांच्यावर नगं."

होडी काठाला लागली तेव्हा मच्छिंद्र चिंब भिजून कापत होता. जाळ्यात एकच कटला, पण मांडीएवढा.

"सोडला का?"

"मारला."

तो काठावरच बसला. "आता पान्याला काय सांगायचं?"

लंकाबाईनं कटला दोन्ही हातांनी उचलला.

"आगं, बाजाराला तेवडा एकच हाय!"

"अन् मला तुमी किती हाय?"

तिनं मासा पाण्यात टेकवला, हात सैल केले. शेपटीचा फटका बसला, तोंडावर पाणी उडालं.

मच्छिंद्रनं रिकामं जाळं गोळा केलं. मग म्हणाला, "कालवन कशाचं करनार?"

"वांग्याचं. उठा, कापडं बदला."