वाचायचं कार्ड

चष्म्याच्या दुकानदारानं माझ्या डोळ्यांवर काच लावली आणि हातात सुईदोरा दिला. माझ्या आधीच्या बाईंना त्यानं वाचायला कार्ड दिलं होतं, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या मराठी ओळींचं. माझी पाळी आली तसं कार्ड काउंटरमागं गेलं.

"ओवा मावशी. ओवली की नंबर बरोबर."

बिबवेवाडीत ज्यांच्याकडं मी स्वयंपाक करायचे त्या वहिनी शेजारी उभ्या. आयटीत मोठ्या हुद्द्यावर. वाईट नाहीत हो, स्वतःच्या गाडीतून घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "यांना वाचायचं काही नसतं. तांदूळ निवडता आले की झालं. हो ना, मावशी?"

मी "हो" म्हणाले.

आता ऐका. मला वाचता येत होतं. शाळा नाही बघितली, पण पोरीच्या वहीशेजारी बसून एकेक अक्षर उचललं. दर रविवारी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात बायकांना पुस्तक वाचून दाखवायचे. अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली, म्हणून तर चष्मा! आणि मी हो म्हणाले. हात लांब करून, सवयीनं सुई ओवली.

"झालं. प्लस एक." खालच्या खोक्यातली एक फ्रेम माझ्या नाकावर बसली.

रविवारी पुस्तक उघडलं. सगळं पुसट. बायका वाट बघतायत. मी म्हणाले, "आज घसा बसलाय गं." एकीनं धावत जाऊन गरम पाणी आणलं. ते प्यायले मी. खोटं बोलून प्यायले.

सोमवारी दुकानात एकटी गेले.

"वहिनी नाही आल्या?"

"डोळे माझे आहेत. कार्ड द्या."

मोठ्यानं वाचलं. दुकान ऐकत होतं. सव्वादोनची काच लावली तेव्हा कुठं शेवटची ओळ उमटली. त्यानं पुन्हा खोकं काढलं. मी भिंतीवरची लहान, तांबडी फ्रेम दाखवली.

"ती कॉलेजच्या पोरी घेतात, मावशी."

"प्लसची काच मधे जाड. लहान फ्रेममधे पातळ बसते. परवा त्या बाईंना तुम्हीच सांगत होतात."

त्यानं फ्रेम भिंतीवरून उतरवली.

मला वाचता येतं हे वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "अय्या, कधी बोलला नाहीत!"

खरंय. त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचं त्यांनी बघावं. मी बोलले नाही, त्याची लाज अजून गेली नाही. जाऊही नये. पण आता साहेब असो, डॉक्टर असो, पोटची पोर असो, माझ्या वतीनं कुणी बोलायला लागलं की ते वाक्य मी पुरं होऊ देत नाही.