गेटावरची शिळी भाकरी

गेल्या पावसाळ्यात कुरवंड्याच्या वरच्या माळावर दोन आर्याजी वर्षावासाला राहिल्या होत्या. आम्ही भिक्खुणींना आर्याजी म्हणतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत एका जागी राहायचं, मुक्काम हलवायचा नाही, असा त्यांचा नेम. राहायला पत्र्याच्या दोन खोल्या. चूल नाही. कुणीतरी शिजवून न्यायचं आणि त्यांच्या हातातल्या पात्रात घालायचं. नुसतं समोर ठेवलं तर त्या उचलून घेत नाहीत. दुपारचे बारा वाजले की दुसऱ्या दिवसापर्यंत फक्त पाणी.

देहूरोडच्या विहारातल्या एका भाऊंनी आमच्या वस्तीतल्या बायकांना पाळ्या लावून दिल्या. लावणी सुरू झाली तशा बायका गळाल्या. कुणाला शेत, कुणाला गुडघे. मला नाही म्हणता येत नाही. समोरचं माणूस मोठ्यानं बोललं की माझी मान आपोआप हलते. म्हणून सगळ्या पाळ्या माझ्याकडे आल्या. विहारात म्हणायचे, किती श्रद्धा आहे हिची. मी चिखलातून जाताना एकेकीला मनात शिव्या देत जायचे.

वर जायची वाट पूर्वी सगळ्यांची होती. आता तिथं पुण्याच्या एका माणसाचा बंगला आहे. वाट त्याच्या कंपाउंडातून जाते आणि वाटेवर लोखंडी गेट आहे. दुसरी वाट ओढ्यातून, ती पावसाळ्यात बंद. गेट राखायला जी बाई आहे तिच्याच सासऱ्यानं ती जमीन विकली. आता विकलेल्या जमिनीच्या गेटाशी एका खोलीत ती राहते आणि किल्ली कमरेला लावते. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. तेव्हाही ती मला कोपरानं ढकलून सतरंजीच्या बाहेर बसवायची.

पहिल्यांदा उशीर झाला तो कुत्र्यामुळं. बंगल्याचं कुत्रं सुटलं होतं, ती त्याच्या मागं धावत होती, मी गेटाबाहेर उभी. वर पोचले तेव्हा खिळ्यावरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. मोठ्या आर्याजींनी पात्र पालथं घातलं.

"आता नको," त्या म्हणाल्या.

"आत्ताच वाजलेत. मी पळत आले."

"वाजलेत ना?"

एवढंच. पळत आलीस, बस, पाणी पी, काही नाही. धाकट्या आर्याजींनी डब्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला इतका राग आला की मी वंदनसुद्धा न करता निघाले. गेटाशी तिनं माझ्या हातातला डबा पाहिला. भरलेला डबा हाताला कसा ओढतो ते बायकांना लांबून कळतं.

"काय गं, जेवल्या न्हाईत व्हय तुझ्या टकल्या?"

"बारा वाजल्यावर खात नाहीत," मी बोलून गेले.

"असं व्हय?" ती म्हणाली, आणि हसली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. कधी किल्ली सापडत नव्हती. कधी साहेबाचा फोन यायचा होता, त्याला विचारल्याबिगर कुणाला आत सोडायचं नव्हतं. कधी ती खोलीत बसून तांदूळ निवडायची आणि मी गजांतून तिच्याकडे बघत उभी. मोठ्यानं हाक मारणं मला जमत नाही, हे तिला शाळेपासून माहीत. एक दिवस पोचायचे, एक दिवस चुकायचे. घरातून लवकर निघाले तर ती तेवढाच जास्त वेळ उभी करायची.

धाकट्या आर्याजी एकदा बादली उचलताना भिंत धरून खाली बसल्या. ओठ पांढरे पडले होते. मी मोठ्या आर्याजींना म्हटलं, "हलवा मुक्काम. देहूरोडला चला. तिथं बायका दारात आणून देतील."

"वर्षावास मोडायचा नाही."

"मग घड्याळ तरी मागं करा."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी डबा घासायला बाहेर गेले. तेव्हा मला त्यांचा गेटवालीइतकाच राग आला होता. ती कुलूप उघडत नाही, या नेम सोडत नाहीत, आणि दोघींच्या मधे मी भिजतेय. पण राग आला तरी ती धाकटी भिंत धरून बसलेली डोळ्यांपुढून जाईना.

दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आत, मी गेटाबाहेर उभी असताना वरून धुक्यातून त्या दोघी उतरताना दिसल्या. हातात पात्रं. नजर पायांपुढं. सरळ आल्या आणि तिच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. मागितलं काहीच नाही. मागायचं नसतं, नुसतं उभं राहायचं. माझ्या शेजारी दूधवाला त्याची मोटारसायकल घेऊन थांबला होता, आणि बंगल्याला रंग द्यायला आलेले दोघं जण. त्यांनाही तिनं ताटकळत ठेवलं होतं.

"आल्या का भीक मागायला?" ती ओरडली. "हात-पाय धड हायेत की! भांडी घासा जा कुणाची."

त्या उभ्याच.

"बहिऱ्या हायेत का? न्हाई म्हणलं ना?"

पत्र्यावरून पाणी त्यांच्या खांद्यावर पडत होतं. भांडायला समोरून शब्द मिळेना, तशी ती जास्तच पेटली. आत गेली, कालच्या भाकरीचे तुकडे आणि चटणीचा गोळा घेऊन आली आणि दोघींच्या पात्रांत आदळले.

"घ्या! कुत्र्याला टाकणार होते. खावा!"

मोठ्या आर्याजींनी पात्र सावरलं आणि मंगल होवो अशा अर्थाचा पालीतला आशीर्वाद म्हटला. पूर्ण म्हटला, घाई न करता. मग दोघी तिथंच पडवीत बसल्या आणि खायला लागल्या.

दूधवाला मोठ्यानं म्हणाला, "वैनी, भिक्खुणींना जेवाण घातलं की तुमी! लय पुण्याचं काम. गावात सांगतो."

"गप ए!"

"न्हाई, सांगायलाच पायजे. पैलं दान वैनीचं."

रंगारी हसले. तिचं तोंड लाल झालं. अपमान करायला आणलेली भाकरी तिनं स्वतःच्या हातानं पात्रात घातली होती, आणि आता ती परत काढता येत नव्हती. मला हसू आलं नाही. मी गजाला धरून म्हटलं, "गेट उघड."

तिनं वळून पाहिलं. माझा आवाज तिनं एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता ऐकला.

"गेट उघड. माझा डबा गरम आहे. नाहीतर त्या उद्यापण तुझ्याच दारात येतील."

तिनं कुलूप काढलं आणि साखळी माझ्या पायावर पडेल अशी सोडली.

त्या दिवसापासून मी दिसले की गेट उघडं असायचं. माझ्यासाठी नाही, पुण्य लागावं म्हणून तर मुळीच नाही. त्या पुन्हा तिच्या दाराशी येऊन उभ्या राहू नयेत म्हणून. ती माझ्याकडे बघायची नाही, मी तिच्याकडे नाही. डबा वेळेत पोचायचा. धाकट्या आर्याजींच्या तोंडावर रंग आला.

आश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपला. वस्तीतल्या गळालेल्या सगळ्या बायका नवी पातळं नेसून वर आल्या. मोठ्या आर्याजींनी दान देणाऱ्यांसाठी मंगलकामना केली, आणि सगळ्यांत आधी म्हणाल्या, "गेटावरच्या उपासिकेचं कल्याण होवो." मग विहार, मग भाऊ, मग "रोज डबा आणणारी."

सगळ्यांनी साधु, साधु, साधु म्हटलं. मी नाही म्हटलं. मी बाहेर येऊन पातेली घासायला बसले आणि राखेनं इतकी घासली की बोटं सोलली. उतरताना गेट उघडं होतं. ती पडवीत भाकरीचं पीठ मळत होती. तिला सांगावं, त्यांनी सगळ्यांत आधी तुझं कल्याण मागितलं, असं एकदा ओठांपर्यंत आलं.

सांगितलं नाही. मी गेट ओढून घेतलं, आवाज होईल असं.